घरच्या माणसाचा पगार

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लंबू आपला फॉर्म घेऊन बेबीच्या टेबलापाशी आला. त्याला घर घ्यायचं होतं, बँकेकडून कर्ज हवं होतं, आणि त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. बेबीचं अक्षर सुरेख. तो शेजारच्या स्टुलावर बसून सांगत गेला आणि ती लिहीत गेली. बायको काय करते, मुलं किती, सध्या भाडं किती भरता. 'मासिक उत्पन्न' या रकान्यापाशी तो म्हणाला, चाळीस हजार.

बेबीला वाटलं, बायकोचे धरून सांगतोय. तिने तसं विचारलं. लंबू म्हणाला, नाही, इथलेच, फक्त माझे.

तिने आकडा लिहिला. पुढचे रकाने भरले, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली. मग कागद परत देताना सहज विचारल्यासारखं विचारलं की रुजू झाल्यापासूनच एवढे आहेत का. लंबूने सरळपणे सांगितलं, पहिलं वर्ष पस्तीस होते, मग वाढले. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून हसत म्हणाला, "तुम्हाला काय ताई, तुम्ही घरच्या. तुमचा वाटा वेगळाच असणार."

बेबीने मान हलवली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मामाच्या या लॅबमध्ये तिला अकरा वर्षं झाली होती. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि इथे त्यांवर कॅप आणि कवळ्या तयार होत. समोरच्या दातांचं काम बेबीचं. पोर्सिलेनची बारीक पूड पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, पुन्हा चढवायचे. शेजारच्या खऱ्या दाताला लावला तर आपला दात ओळखू येता कामा नये, एवढंच ते काम. लंबू तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला दाढा जमत होत्या, समोरचे दात जमत नव्हते. दात मुळाशी जरा पिवळसर आणि टोकाशी जवळजवळ काचेसारखा असतो, हे बेबीनेच त्याला सहा महिने बसवून शिकवलं होतं.

तिला मिळत होते चोवीस हजार.

संध्याकाळी तिने पॉलिशवाल्या काकांना विचारलं. ते आधी कचरले, मग म्हणाले एकतीस. त्यांनाही ती घरची म्हणून तिचा काहीतरी वेगळा हिस्सा असेल असंच वाटत होतं. लॅबमध्ये सगळ्यांनाच तसं वाटत होतं, हे बेबीला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं सगळे तिला थोडं जपून, थोडं अंतर ठेवून वागत आले होते, आणि तो मान तिला नसलेल्याच वाट्यापोटी मिळत होता.

घरी तिने आईला काही सांगितलं नाही. शनिवारी एका डॉक्टरांचं काम आलं, समोरचे दोन दात. बरोबरच्या चिठ्ठीत नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, 'बाईंच्याच हातून व्हावे.' तिने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि कामाला बसली. संध्याकाळपर्यंत एक दात झाला. तो चांगला झाला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

•

रविवारी दुपारी सगळे मामाकडे जेवायला जमले. छातीच्या दुखण्यातून मामा उठला त्याला दीड महिना झाला होता. डॉक्टरांनी जिने चढायला आणि चिडायला मनाई केली होती. आता लॅबचा रोजचा कारभार दादाने बघायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि ते सगळ्यांना बसवून सांगायचं म्हणून हे जेवण होतं. दादा म्हणजे मामाचा मुलगा, बेबीहून दोन वर्षांनी मोठा.

मामीने दार उघडलं तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. बेबी नेहमी आली की थेट स्वयंपाकघरात शिरायची, झाकणं उघडून बघायची. आज ती बाहेरच बसली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून राहिली.

मामी सव्वीस वर्षं लॅबचे कागद सांभाळत होती. कोणत्या डॉक्टरांकडे किती बाकी, भट्टी दुरुस्तीला कधी द्यायची, कुणाच्या खात्यात किती जमा करायचे, सगळं तिच्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला ती पगार पाठवायची. त्या यादीत बेबीचं नाव तिसरं होतं आणि दर महिन्याला त्या ओळीवर तिचं बोट थोडं थांबायचं. दोनदा तिने मामाला म्हटलंही होतं. एकदा लंबू आला तेव्हा, एकदा मागच्या वर्षी. दोन्ही वेळा मामाचं उत्तर एकच, तिने मागितलं की देऊ, ती काय परकी आहे. मामीने तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे ती लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी शिकली होती.

जेवताना ती बेबीकडे बघत होती. पोरीने पानात घेतलं तेवढं संपवलं आणि दुसऱ्यांदा काही घेतलं नाही. यादी हिच्या कानावर गेली, मामीने ओळखलं. तिला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात तिला मोकळं वाटलं.

•

जेवणं झाल्यावर मामाने आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून बोलायला सुरुवात केली. आजारपणात त्याचा आवाज बारीक झाला होता, पण बसण्याची ऐट तीच होती. दादा आजपासून लॅब बघेल. खरेदी, डॉक्टरांशी बोलणं, नवीन यंत्र, सगळं त्याच्याकडे. आणि पोर्सिलेनचा पूर्ण विभाग बेबीकडे. किल्ल्या तिच्याकडे, सकाळी आठला उघडायचं, संध्याकाळी भट्टी बंद करून निघायचं, बाकीच्यांचं काम तपासून मगच बाहेर जाऊ द्यायचं.

"घरचं माणूस असलं म्हणजे मला घोर नाही," मामा म्हणाला.

आईच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. तिने बेबीच्या गुडघ्यावर हात ठेवला. दादा म्हणाला की खरं तर हे आधीच व्हायला हवं होतं, अर्धे डॉक्टर तिच्यासाठीच आपल्याकडे काम पाठवतात.

बेबीने विचारलं, "आणि पगार?"

मामा हसला. तुला काय कमी पडतंय, असं त्याने विचारलं, आणि त्यात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की काही कमी पडत असतं तर ती बोलली असती.

"लंबूला चाळीस मिळतात," बेबी म्हणाली. "पॉलिशवाल्या काकांना एकतीस. मला चोवीस."

दादाने बापाकडे बघितलं. मामाचं हसू हळूहळू उतरलं आणि त्याने विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. बेबी म्हणाली की कुणी चुगली केली नाही, तिने लंबूचा फॉर्म भरून दिला, त्यात होतं, आणि काकांना तिनेच विचारलं. त्या दोघांना यातलं काही बोलायचं नाही.

मामाने समजावणीचा सूर लावला. लंबू बाहेरचा. बाहेरच्या माणसाला बाजारात चालतो तो भाव द्यावा लागतो, नाहीतर तो उद्या उठून दुसरीकडे जातो. हे धंद्याचं गणित आहे, त्यात माया-ममता नाही.

"म्हणजे मी जाणार नाही म्हणून मला कमी," बेबी म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. पण वाक्य बाहेर पडल्यावर तिलाच कळलं की आता ते मागे घेता येणार नाही. मामाचा चेहरा लाल झाला. मामी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मामाने उपकारांचा उच्चार केला नाही, तो तसा माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला की आठ महिने तुम्ही दोघी या घरात होतात, तेव्हा कुणी कुणाला भाव विचारला नव्हता.

आईने बेबीच्या गुडघ्यावरचा हात काढला. भावाची तब्येत, त्याचं वय, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती कडक आवाजात म्हणाली, "बेबी, माफी माग."

•

हे म्हणताना आईच्या मनात दुसरंच चाललं होतं.

नवरा गेला तेव्हा भावाने त्या दोघींना आपल्या घरी आणलं. बेबीचं शिक्षण अर्ध्यावर होतं, उरलेली फी त्यानेच भरली. आठ महिन्यांनी आईला शाळेच्या ग्रंथालयात काम लागलं आणि दोघी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेल्या. बेबीचा कोर्स संपल्यावर भावाने तिला लॅबमध्ये घेतलं, त्या दिवशी संध्याकाळी आई एकटी इथे आली होती. याच खोलीत बसून तिने भावाला सांगितलं होतं की पोरीला शिकवलंस तेवढं खूप झालं. आता पगारात मेहेरबानी करू नकोस. आमचं भागेल एवढंच दे, वर एक पैसा नको, मला लोकांच्या तोंडून ऐकायचं नाही.

भावाने बहिणीचा शब्द पाळला. पहिल्या वर्षी पाळला, आणि मग पाळतच राहिला. आई तो शब्द परत घ्यायला कधी आली नाही. आधी विसरली म्हणून, मग आठवण झाली तेव्हा उशीर झाला म्हणून, आणि पुढे पुढे, खरं बोलायचं तर, बेबीला जास्त पैसे मिळाले तर ती वेगळं घर बघेल अशी भीती वाटायला लागली म्हणून.

बेबी माफी मागत नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, फक्त आश्चर्य होतं.

तेवढ्यात मामी बोलली. नवऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून, शांतपणे. "यादी मी लिहिते. ती म्हणते ते आकडे बरोबर आहेत. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

मामाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याला मामीचं बोलणं आठवत होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण त्याने नाकारलं नाही. दादाने घसा खाकरला. लंबूचा पगार त्याने ठरवला होता. तो म्हणाला की त्याला वाटायचं बेबीचं पपांनी काहीतरी वेगळं बघितलं असेल, तिच्या नावावर कुठे काही ठेवलं असेल. त्याने कधी विचारलं नाही, कारण घरातलं होतं. शेवटचे शब्द बोलताना तो स्वतःच ओशाळला.

मग सगळे मामाकडे बघायला लागले, आणि आईला ते बघवेना.

"त्याला काही म्हणू नका," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला. कमी दे म्हणून."

तिने सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचं, आपल्या अटीचं, नंतरच्या विसरण्याचं. वेगळ्या घराच्या भीतीचंही सांगितलं, ते मात्र तिने पदराच्या टोकाकडे बघत सांगितलं. मामाने मध्ये दोनदा हात वर केला, राहू दे म्हणून, पण ती थांबली नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला की अट तुझी होती, पण ती मला सोयीची पडली. अकरा वर्षं तुझ्या शब्दाआड बसायला मला काही त्रास झाला नाही. मग त्याने चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिला.

•

बेबीने इतका वेळ मनात जे घोकलं होतं त्यातलं आता निम्मं निरुपयोगी झालं होतं. भांडायचं ठरवून आलेल्या माणसाला समोर भांडायला कुणी उरत नाही, तेव्हा हातांचं काय करायचं कळत नाही. तिने रिकामा ग्लास खाली ठेवला.

तिने सांगितलं की पलीकडच्या रस्त्यावरच्या लॅबमधून तिला वर्षभरात दोनदा विचारणा झाली होती. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली, कारण मामाला सोडून जाणं म्हणजे हे घर सोडणं असं तिला वाटत होतं. गेले दोन दिवस तिने फक्त तेवढाच विचार केला होता.

"मी उद्या आठला येईन," ती मामाला म्हणाली. "पण माझं काम आणि हे घर आता वेगळं करा. महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही तर मी त्यांच्याकडे जाईन. आणि रविवारी जेवायला इथेच येईन."

मामाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"गेलीस तरी येशील?"

"येईन की. मामीच्या हातचं कुठे मिळणार?"

मामाच्या खांद्यांवरचा ताण उतरला, तो सगळ्यांना दिसला. पुढे कधीतरी त्याने मामीला सांगितलं की दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला याचीच धास्ती होती. बेबीला एक दिवस कळणार, ती जाणार, आणि बहिणीचं येणं-जाणं बंद होणार. त्यापायी तो विषय काढायचा टाळत होता, आणि टाळल्यामुळे विषय वाढत होता. आता विषय समोर होता आणि सगळे जागच्या जागी बसले होते.

त्याने दादाला सांगितलं, चाळीस लिही.

"पंचेचाळीस," बेबी म्हणाली. "लंबूला मी शिकवलंय. आणि आता विभागही मी बघणार आहे."

दादाला हसू फुटलं. त्याने कागद ओढला आणि पंचेचाळीस लिहिलं. मग म्हणाला की हे नुसतं बोलून चालायचं नाही, रीतसर पत्र करू, हुद्दा लिहू, आणि दर वर्षीची वाढ सगळ्यांना एकाच हिशेबाने देऊ, म्हणजे पुन्हा हा प्रसंग नको. पॉलिशवाल्या काकांचंही बघावं लागेल असं तो स्वतःशीच पुटपुटला. मागच्या वर्षांचं काय, हे त्याने चाचरत विचारलं. एवढी रक्कम आता मामाकडे नव्हती, दुखण्यात बरीच गेली होती. बेबीलाही ते माहीत होतं. तिने मागचं सोडलं. पण मला ते चाललं असं कुणी समजू नका, एवढं तिने सांगून ठेवलं, आणि मामाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

"आणि माझं?" मामीने विचारलं.

सगळ्यांनीच वर बघितलं. दादा म्हणाला, "तुझं काय, आई?"

"यादीत माझं नाव कितवं आहे?"

नव्हतंच. सव्वीस वर्षं जी यादी ती लिहीत होती तिच्यात तिने स्वतःला कधी लिहिलं नव्हतं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मामाने बायकोकडे, मग बहिणीकडे, मग भाचीकडे बघितलं, आणि डॉक्टरांनी मला चिडायला मनाई केलीय हे बरं झालं, असं म्हणाला. आधी आईला हसू आलं. मग मामी हसली, आणि मग बराच वेळ कुणालाच थांबता येईना. दादाने हसत हसतच मामीकडे कागद सरकवला आणि म्हणाला, आकडा तूच घाल. मामीने पेन घेतलं, थोडा विचार केला, आणि घातला. तो लहान नव्हता.

•

परतताना आई आणि बेबी बस सोडून चालत निघाल्या. दुपार सरत आली होती, दुकानं बंद होती, फुटपाथ मोकळा होता.

चौकात दिवा लाल होता, तिथे आई म्हणाली, "मला वाटायचं, घेतलं की वाकावं लागतं. मी वाकले नाही. त्याची किंमत तू दिलीस."

दिवा बदलला. रस्ता ओलांडताना बेबीने आईचं कोपर धरलं आणि पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही. ती म्हणाली की राग आहे, आणि काही दिवस राहील. आई म्हणाली, असू दे. वेगळं घर बघायचं असेल तर बघ, असंही ती म्हणाली. बेबी म्हणाली की आधी आहे त्या घराचा गळका नळ दुरुस्त करू, मग बघू.

घरी पोचल्यावर बेबी चपला काढून नुसती पाठ टेकायची म्हणून आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. शुक्रवारपासून ती धड झोपली नव्हती. आईने खिडकीचा पडदा ओढला, दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसली.

अर्ध्या तासाने फोन वाजला. तिची झोप मोडू नये म्हणून आईने पहिल्याच घंटेला उचलला. मामा होता.

"रागावली आहे का?" त्याने विचारलं.

"झोपलीय."

"दुपारची? ती कधी दुपारची झोपते?"

"आज झोपली."

मग मामाने आपण गोळ्या घेतल्याचं सांगितलं, मामी आतापासूनच सुट्ट्या किती मिळणार विचारतेय हे सांगितलं. आईने हूं हूं केलं. सांगण्यासारखं संपलं तरी त्याने फोन ठेवला नाही, आणि आईनेही ठेवला नाही. पलीकडे त्याचा श्वास संथपणे चालू होता. आतल्या खोलीत बेबी कूस बदलून पुन्हा गाढ झोपली, आणि आई फोन कानाला लावून तशीच बसून राहिली.